आदल्या दिवशी शिजवलेले अन्न आणि दुसऱ्या दिवशीची उकळी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नाव एकाएकी देशभर झाले. तिथल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू सापडला. भारतातल्या कोंबड्यांमधला तो पहिलाच प्रादुर्भाव. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. दोन्ही वेळी लोकांचा प्रश्न एकच होता, कोंबडी खावी की नाही? जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर सरळ होते. मांसाचा प्रत्येक भाग, अगदी हाडाजवळचासुद्धा, ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की हा विषाणू नष्ट होतो.

उत्तर बरोबर आहे. मात्र ते विषाणूपुरते आणि शिजवून लगेच वाढलेल्या ताटापुरते आहे. तीच कोंबडी आदल्या रात्री शिजवली, तपेल्यात झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गरम करून वाढली, तर? इथे विषाणूचा संबंध उरत नाही. आता गाठ पडते ती निराळ्याच जीवांशी, आणि त्यांच्या बाबतीत ७० काय, १०० अंशांचाही हिशेब तितका सोपा नाही.

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा : रात्रीचे वरण सकाळी खळखळून उकळले, तर ते ताज्या वरणाइतके निर्धोक होते का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील, कारण ‘उकळल्याने जंतू मरतात’ हे वाक्य आपणच त्यांना शिकवलेले असते. खरे उत्तर असे, की ते सकाळच्या उकळीपेक्षा रात्री काय घडले यावर जास्त अवलंबून आहे.

हा प्रश्न घरच्या वाटीभर वरणापुरता नाही. खानदेशातल्या लग्नांचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो. शेकडो पाने उठवायची असली, की आचारी काही पदार्थ रात्रीच उरकून ठेवतात. आश्रमशाळेत पहाटे घाई नको म्हणून रात्रीचा भात उरवला जातो. हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण असतो. त्या दिवशी सहा-सात किलोचा अख्खा टर्की पक्षी भाजतात, आणि यजमानांची धांदल टाळण्यासाठी पुष्कळ घरांत तो आदल्या दिवशीच भाजून दुसऱ्या दिवशी तापवतात. त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राची नोंद अशी, की ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स’ या जिवाणूमुळे होणाऱ्या विषबाधांच्या घटना नोव्हेंबर-डिसेंबरात सर्वाधिक आढळतात, आणि त्यांतल्या अनेकांचा संबंध टर्कीसारख्या सणाच्या पदार्थांशी असतो. घरोघरी फ्रीज असलेल्या, थंडीने गारठलेल्या देशात हे घडते. मग वैशाखातल्या नंदुरबारचे काय?

उकळीला न जुमानणारे बीज

टिंडॉल परिणाम आपण शिकवतो. अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या कवडशाचा मार्ग धूलिकणांमुळे दिसतो, तो. या जॉन टिंडॉलने १८७६-७७ च्या सुमारास गवताचे आणि भाज्यांचे काढे उकळून ते नासतात की नाही हे पाहण्याचे प्रयोग केले. काही काढे पाच मिनिटे उकळले की टिकत. पण वाळलेल्या जुन्या गवताचा काढा तासन् तास उकळला तरी नासे. त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनांड कोह्नने सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण पाहिले. काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतात. बीजाणू खात नाही, वाढत नाही, नुसता टिकून राहतो. उकळते पाणी त्याला सहसा मारू शकत नाही. बरे दिवस आले की तो उगवतो आणि पुन्हा साधा जिवाणू होतो. साधा जिवाणू मात्र उष्णतेपुढे दुबळा असतो.

परफ्रिंजन्स हा असाच बीजाणू करणारा जिवाणू. तो मातीत असतो, जनावरांच्या व माणसांच्या आतड्यांत असतो, त्यामुळे मांसावर आणि कडधान्यांवर, मसाल्यांतही त्याचे थोडे बीजाणू असणारच. कितीही स्वच्छता पाळली तरी ते शून्यावर येत नाहीत. आता गंमत पाहा. शिजवण्यामुळे त्याच्यासाठी तीन गोष्टी अनुकूल होतात. एक तर बाकीचे जिवाणू मरून मैदान मोकळे होते. दुसरे, या जिवाणूला ऑक्सिजन चालत नाही, आणि उकळताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. (उकळून थंड केलेल्या पाण्यात मासा का गुदमरतो, हा आपला नेहमीचा प्रश्न आठवा.) तिसरे, उष्णतेचा चटका बसला की झोपलेले बीजाणू जागे होतात. म्हणजे आपण मोठ्या निगुतीने रस्सा शिजवतो आणि त्याचबरोबर या एका जिवाणूसाठी शेत नांगरून ठेवतो.

पेरणीला हवी असते ऊब. हा जिवाणू साधारण १५ ते ५० अंशांच्या दरम्यान वाढतो. त्याला सर्वांत मानवते ते ४३ ते ४७ अंश. त्या उबेत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. मुलांना गुणाकार करू द्या. दर १२ मिनिटांनी दुप्पट, म्हणजे ३ तासांत १५ वेळा दुप्पट, म्हणजे ३२,७६८ पट. एका ग्रॅममध्ये सुरुवातीला दहाच जिवाणू असले तरी तीन तासांनी सव्वातीन लाखांच्या वर. एका ग्रॅममध्ये लाखाच्या पुढे जिवाणू गेलेले अन्न खाल्ले, की माणूस आजारी पडण्याइतकी मात्रा पोटात जाते. ते आतड्यात पोचले की तिथे विष सोडतात. खाल्ल्यानंतर ६ ते २४ तासांत पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. उलट्या आणि ताप फारसे नसतात.

हा ६ ते २४ तासांचा अवधी फसवा आहे. दुपारी पंगतीत जेवलेला माणूस रात्री आपापल्या गावी पोचल्यावर आजारी पडतो. दोष त्या रात्रीच्या घरच्या जेवणाला लागतो, आणि वऱ्हाडातले आणखी चाळीसजण वेगवेगळ्या गावांत त्याच रात्री आजारी होते हे कोणाला कळतही नाही. धडधाकट माणूस दिवसभरात बरा होतो. पण अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरचे, आधीच वजन कमी असलेले मूल एका जुलाबाच्या आजारात किती खचते, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको.

तपेल्याची भूमिती

म्हणजे प्रश्न असा झाला : शिजवलेले अन्न ५० ते १५ अंशांच्या पट्ट्यात किती वेळ राहते?

इथे आपले इयत्ता नववीचे पृष्ठफळ-घनफळ कामाला येते. १० सेंमी बाजूचा घन घ्या. त्यात १ लीटर वरण मावते आणि त्याचे पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी. आता ३० सेंमी बाजूचा घन घ्या. त्यात २७ लीटर मावते, पण पृष्ठफळ ५,४०० चौ. सेंमी., म्हणजे नऊपटच. उष्णता साठते घनफळात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. मोठ्या भांड्यातल्या प्रत्येक लीटरच्या वाट्याला बाहेर पडायची वाट एक-तृतीयांशच आली.

हे झाले पातळ आणि ढवळल्या जाणाऱ्या पदार्थाचे. घट्ट पदार्थाची गोष्ट आणखी वाईट. भात, खिचडी, घोटलेली वांग्याची भाजी यांच्यात पाण्यासारखे अभिसरण होत नाही. आतली उष्णता वहनानेच बाहेर यावी लागते, आणि वहनाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी तिप्पट, तर वेळ नऊपट. म्हणूनच मोठ्या तपेल्यातला भात कडेला गार लागतो आणि मध्यभागी हात घातला तर पहाटेही कोमट असतो. ती कोमट जागा म्हणजेच आपल्या जिवाणूचे ४३ ते ४७ अंश. अख्ख्या भाजलेल्या टर्कीचे नेमके हेच होते. बाहेरून गार, आत हाडाजवळ कोमट. इंग्लंडात बेटी हॉब्ज आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये या जिवाणूमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही शिजवून हळूहळू निवत ठेवलेले आणि दुसऱ्या दिवशी वाढलेले मांस हेच कारण पुढे आले. सामुदायिक स्वयंपाकघर, मोठे भांडे आणि मध्ये एक रात्र, ही त्या आजाराची ओळखच होऊन बसली.

आता आपल्या हवामानाकडे वळू. गरम वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते, हा न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला नियम. (वाफ उडत असताना तो काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाजासाठी चालेल.) समजा लंडनच्या स्वयंपाकघरात तापमान २० अंश आहे आणि एक पातेले ६० वरून ४० अंशांवर यायला एक तास लागतो. म्हणजे भोवतालशी असलेला फरक ४० वरून २० वर, निम्म्यावर यायला एक तास. तेच पातेले नंदुरबारला मे महिन्यातल्या रात्री ३२ अंशांच्या खोलीत ठेवा. सुरुवातीचा फरक २८. तासाने तो १४ झाला, म्हणजे पातेले ४६ अंशांवर. ४० वर यायला फरक ८ व्हावा लागेल. त्यासाठी आणखी सुमारे ४८ मिनिटे. एकूण पावणेदोन तासांच्या वर. आणि त्यानंतर? लंडनचे पातेले निवत राहील. आपले ३२ वर येऊन थांबेल, आणि ३२ अंशही जिवाणूला चांगलेच मानवतात.

अमेरिकेतल्या खाद्यगृहांसाठी नियम आहे, की शिजवलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत आलेच पाहिजे. वैशाखात आपल्या मांडवात हे बर्फाशिवाय शक्य नाही. ‘दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये’ हा पाठ्यपुस्तकातला घरगुती नियमसुद्धा थंड हवेतला आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असे अमेरिकेचे कृषी खाते स्वतःच सांगते. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलून फळ्यावर लिहू नये, तो का, तो असा.

दुसऱ्या दिवशीची उकळी काय करते?

परफ्रिंजन्सच्या बाबतीत बरेच काही करते. रात्रीत वाढलेले जिवाणू साध्या रूपात असतात. अन्न सगळीकडून ७५ अंशांपर्यंत तापले तर ते मरतात. अट ‘सगळीकडून’ ही आहे. तपेल्याखाली जाळ लावला, तळ खदखदू लागला, करपल्याचा वास आला, म्हणजे वरचा थर तापला असे नाही. घट्ट पदार्थ तळापासून उलथावा लागतो. मंद आचेवर ‘हळूहळू गरम होऊ दे’ म्हणून ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण मग ते पुन्हा एकदा तोच ऊबदार पट्टा सावकाश ओलांडते.

तोरणमाळला हजार मीटरहून जास्त उंचीवर पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते, मग तिथे काय, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. या कामाला तेवढे पुरते, असे त्याला खुशाल सांगावे.

परंतु सगळेच जिवाणू इतके सोयीचे नसतात. भातावर वाढणारा ‘बॅसिलस सिरियस’ हाही बीजाणू करणारा. भात निवताना तो उगवतो, वाढतो आणि त्याचे काही प्रकार भातातच एक विष तयार करून ठेवतात. हे विष १२१ अंशांना दीड तास तापवले तरी टिकते, म्हणजे प्रेशर कुकरही त्यापुढे हरला. १९७१ पासून ब्रिटनमध्ये ‘फ्राइड राइस’ खाऊन तासा-दोन तासांत उलट्या झालेल्या रुग्णांमधून त्याची ओळख पटली. तिथल्या चिनी उपाहारगृहांत भात आधी मोठ्या प्रमाणात शिजवून बाहेर ठेवत आणि गिऱ्हाईक आले की परतून देत. आपला फोडणीचा भात याच जातीचा. फोडणी कितीही खमंग बसली तरी रात्री तयार झालेले विष ती घालवत नाही. तिसरा जिवाणू ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’. हा भांड्यात येतो तो वाढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून. तो स्वतः उकळीने मरतो, त्याचे विष मात्र अर्धा तास उकळूनही उरते. शिजल्यावर हाताळलेले मांस, बासुंदी, पेढे यांच्याकडे म्हणून जास्त लक्ष द्यावे.

शालेय पोषण आहारात मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चव घ्यावी, असा दंडक आहे. तो चांगलाच आहे. खवट तेल, रॉकेलचा वास, कच्चा शिजलेला भात त्यातून कळतो. पण ही तिन्ही दुखणी चवीला कळत नाहीत. अन्न आंबते, बुळबुळीत होते ते दुसऱ्याच जिवाणूंमुळे. लाखो परफ्रिंजन्स असलेला रस्सा वासाला उत्तम असू शकतो.

मग चुली रोज दोन वेळा पेटवून आमटी उकळत ठेवण्याची जुनी रीत? तिच्यात शास्त्र आहे. टिंडॉलनेही शेवटी हीच युक्ती काढली होती : थोडे उकळा, थांबा, बीजाणू उगवू द्या, पुन्हा उकळा. याहूनही पक्की रीत म्हणजे भांडे चुलीच्या वैलावर ठेवणे. तिथे अन्न ६० अंशांच्या वर राहिले तर जिवाणूला वाढायला संधीच मिळत नाही. वैल नुसता कोमट असेल तर मात्र उलटा परिणाम.

शीतळा सातमचा शहाणपणा

आदल्या दिवशी शिजवून दुसऱ्या दिवशी खाण्याचा एक सणच आपल्या सीमाभागात आहे. श्रावण वद्य सप्तमीला, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, गुजराती कुटुंबे शीतळा सातम पाळतात. षष्ठीला, म्हणजे रांधणछठला, सगळे रांधून ठेवायचे, सप्तमीला चूल पेटवायची नाही, थंडच खायचे. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, सण राहिला.

मला यात रस आहे तो पदार्थांच्या यादीत. पुऱ्या, थेपले, ढेबरे, सुखडी, दही. यांत पाण्याचा अंश कमी, नाहीतर आंबटपणा, नाहीतर साखर किंवा गूळ जास्त. जिवाणूला वाढायला ओलावा लागतो आणि फार आंबट चालत नाही. पीएच साडेचारच्या खाली गेला की वर सांगितलेले बीजाणूवाले जिवाणू वाढत नाहीत. रस्सा आणि मोकळा भात या यादीत ठळकपणे नाहीत. खानदेशी वरण-बट्टीतही अशीच विभागणी करता येते. बट्ट्या आधी उकडून ठेवल्या आणि वेळेवर कापून तळल्या तर फारसे बिघडत नाही. वरण मात्र त्याच दिवशी शिजवावे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी रात्री खुशाल करा. काय आधी करायचे याची निवड नीट केली, तर पुन्हा गरम करण्याचा प्रश्न निम्म्याने कमी होतो. उन्हाळ्यातल्या पंगतीसाठी माझे मत तरी स्पष्ट आहे : मटण, कोंबडी, वरण आणि भात आदल्या रात्री शिजवूच नयेत. रात्री निवडणे, चिरणे, मसाला भाजणे उरकावे आणि चूल पहाटे पेटवावी.

तरीही करावेच लागले तर तपेल्याची भूमिती आपल्या बाजूने वळवावी. अन्न परातींत, पसरट भांड्यांत, थर ५ सेंमीपेक्षा जाड न ठेवता पसरावे. टर्कीसाठीही अमेरिकेत हेच सांगतात : हाडावरून मांस कापून काढा, उथळ डब्यांत भरा, मगच फ्रीजमध्ये ठेवा. परातीखाली पाणी ठेवावे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून जास्त आहे, आणि पाणी कोमट झाले की बदलता येते. बर्फाची लादी मिळाली तर ती भांड्याबाहेर लावावी, आत टाकू नये, कारण ती कोणत्या पाण्याची आहे हे आपल्याला ठाऊक नसते. वरून पातळ ओले फडके घालावे. घट्ट झाकण अन्न पूर्ण निवल्यावरच. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन चांगली मदत करते, श्रावणातल्या दमट हवेत ती मिळत नाही. फ्रीज असला तरी त्यात अख्खे गरम तपेले ठेवण्यात अर्थ नाही. आतला मधला भाग तसाच कोमट राहतो आणि शेजारचे दूध तेवढे तापते.

हे सगळे शाळेत मोजून पाहता येते. प्रयोगशाळेतला ० ते ११० अंशांचा तापमापी, एक तांब्या, एक मोठे पातेले आणि एक परात एवढे पुरे. तिन्हींत एकाच वेळी उकळते पाणी ओतून दर दहा मिनिटांनी मध्यभागचे तापमान नोंदवायचे आणि आलेख काढायचा. दुसऱ्या दिवशी पाण्याऐवजी घट्ट शिजवलेल्या भरड्याची पेज घ्या आणि मध्याचे व कडेचे तापमान वेगवेगळे नोंदवा. तापमापी काडीला दोऱ्याने बांधून अधांतरी ठेवावा, तळाला टेकू देऊ नये. त्यात पारा असेल तर प्रयोगाची पेज नंतर कोणीही, गुरांनीसुद्धा, खायची नाही. आलेखावर ५० आणि १५ अंशांशी दोन आडव्या रेघा मारा. प्रत्येक वक्र त्या पट्ट्यात किती मिनिटे राहिला ते मुलांना मोजू द्या आणि त्याला बाराने भागायला सांगा. एप्रिलमध्ये एकदा आणि डिसेंबरात, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पुन्हा एकदा हाच प्रयोग केला तर दोन आलेख शेजारी शेजारी लावता येतील. एप्रिलचा वक्र खालच्या रेघेपर्यंत पोचणारच नाही.